हिंगाच्या डबीतला झीरोचा बल्ब

रात्री साडेतीनला आईने चहा टाकला. "अगं ऊठ, ऑफिस नाही का?" म्हणत कपही घेऊन आली. चूक तिची नव्हती. नॉर्वेतल्या ट्रोमसोत २७ नोव्हेंबरपासून १५ जानेवारीपर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे ३५० किलोमीटर उत्तरेला राहतो आम्ही. दुपारी दोन-तीन तास आभाळ निळसर होतं, तेवढाच दिवस. या काळाला इथे मोर्केटीड म्हणतात, अंधाराचा मोसम. खिडकीबाहेर साडेतीनलाही काळोख आणि आठलाही काळोख. आई बाथरूमला उठली, पॅसेजमधला पांढराफटक दिवा लावला, आणि तिची सकाळ झाली.

"तुमच्याकडे झीरोचा बल्ब नाही का गं?" तिने विचारलं. नाही. आणि पॅसेजमध्ये प्लगही नाही, त्यामुळे प्लगमध्ये खोचायचे छोटे दिवेही बाद. (झीरोचा बल्ब नावालाच झीरो हं, खायचा १२ ते १५ वॅट. जुन्या चकतीच्या मीटरला तेवढं कळायचं नाही, म्हणून झीरो.)

ड्रॉवरमध्ये एक स्वस्तातली बॅटरी पडून होती. घरात आठवडाभर पुरेल इतकं पाणी, अन्न, बॅटरी, सेल ठेवा, असं इथलं सरकार २०२४ पासून सांगतं. त्याआधी तीन दिवसांचं सांगायचे. तीच बॅटरी काढली. आधी काचेवर नारिंगी चॉकलेटचा कागद चिकटवला. उजेड कमी झाला, पण सेल तेवढेच खात होती, आणि दोन दिवसांत कागद सुटला.

मग पुढचं कडं फिरवून उघडलीच. आत नऊ पांढरे एलईडी, रिमोटचे बारीक तीन सेल, वीज आवरणारा रेझिस्टर एकही नाही. साडेचार व्होल्ट थेट एलईडीवर! स्वस्त का मिळाली ते कळलं. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, वर पिवळा लेप. आणि 'दिवस उजाडला' असं शरीराला कळवणाऱ्या डोळ्यातल्या पेशी निळ्यालाच जास्त भुलतात. म्हणजे आईचा चहा तसा शास्त्रोक्तच होता.

खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडून सोल्डरिंग आयर्न आणलं. त्यांनी 'काय करतेयस' विचारलं, मी नॉर्वेजियनमध्ये झीरोचा बल्ब समजावायचा प्रयत्न केला आणि दोघांनीही तो विषय सोडला. नऊच्या नऊ एलईडी काढले, मधल्या जागी पिवळसर उजेडाचा एकच बसवला. लागला नाही. लांब पाय प्लसला, हे शाळेत शिकलेलं विसरले होते. साडेचार व्होल्ट उलटे दिल्याने तो बिघडला मात्र नव्हता. साधारण पाच व्होल्टपर्यंत सोसतो बिचारा.

पहिला रेझिस्टर २२० ओहमचा लावला, तरी रात्री डोळ्यांत घुसायचा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि ती कमाई एका झगझगीत दिव्यात जाते. शेवटी २.२ किलोओहम, लाल-लाल-लाल पट्ट्यांचा. साडेचारातले तीन व्होल्ट एलईडीला गेले, उरलेल्या दीडला २२००ने भागा: ०.७ मिलिअँपिअर. हजार मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर हे चौदाशे तास चालायला हवं. कागदावर. सेल उतरतात तसा उजेड मंदावतो, पण रात्रीपुरता लावला तर निम्मा हिशोब खरा ठरला तरी अख्खी मोर्केटीड निघते.

उजेड पसरायला वर काहीतरी पांढरं, अर्धपारदर्शक हवं होतं. इथे झाकण, तिथे कप, काहीच बसेना. बसली ती आईने आणलेली हिंगाची डबी. तिने हिंग काचेच्या बाटलीत ओतला, डबी धुतली, तरी वास गेला नाही. रात्री पॅसेजमधून जाताना तुपातल्या उजेडासारखं काहीतरी दिसायचं आणि फोडणीचा वास यायचा. आई त्यानंतर साडेतीनला उठायची, जाऊन यायची आणि झोपायची.

जानेवारीत ती परत गेली तेव्हा दिवाही घेऊन गेली. माझ्यासाठी दुसरा करायचाय. बॅटरी आहे, रेझिस्टर आहेत, पण हिंगाची दुसरी डबी अजून अर्धी भरलेली आहे. सध्या आमटीत रोज चिमूटभर जास्त पडतोय.