तीनशे रुपयांचा एक रुपया

माझं म्हापशात हार्डवेअरचं छोटं दुकान आहे, त्यामुळे गल्ल्यात चिल्लर भरपूर. भाच्याने मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ दाखवला की एरर कॉइनला, म्हणजे टांकसाळीत छापताना चूक झालेल्या नाण्याला, लाख मिळतात, झालं, रोज रात्री शटर ओढलं की मी भिंग घेऊन बसायला लागलो.

पहिल्या आठवड्यात तर मला प्रत्येक नाणं एररच वाटायचं, कारण मी नाणं वरून खाली उलटायचो आणि मागची बाजू डोक्यावर दिसायची. मग कळलं की आपली नाणी डावीकडून उजवीकडे फिरवून बघायची, तेव्हा दोन्ही बाजू सरळ दिसतात, आणि तशी फिरवूनही मागची बाजू तिरकी आली तरच डाय, म्हणजे नाणं छापायचा ठसा, फिरलेली. चाळीसेक नाणी वेगळी काढून ठेवलेली, सगळी गपचूप परत गल्ल्यात.

शेवटी चार पाच उरली ती घेऊन फोंड्याला एका ओळखीच्या काकांकडे गेलो, त्यांचा तीस वर्षांचा नाद आहे. त्यांनी आधी सोनाराचा असतो तसला छोटा काटा काढला. पिवळं पाच रुपयांचं, सहा ग्रॅम भरायला हवं, माझं भरलं चार पूर्णांक आठ. मी खूश, पातळ कोऱ्या चकतीवर छापलं असणार! काका म्हणाले, "अरे अक्षरं बघ की, सगळी सारखीच झिजलीत, अंगावर बारीक खड्डे आहेत, हे ॲसिडात नाहीतर खाऱ्या पाण्यात पडलेलं." दहाच्या नाण्याची कड एका जागी गायब होती, तिथे भिंगातून कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसले. छापण्याआधी चकतीच मुळात कापलेली असेल तर बरोबर समोरची कडही बऱ्याचदा दबकी, अर्धवट उठलेली असते म्हणे, माझ्या नाण्याची एकदम ठणठणीत.

आता खरं दुखणं. शुक्रवारच्या बाजारात मी एक रुपयाचं 'लाखी' नाणं तीनशेला घेतलेलं, एका बाजूला उलटी, खोल गेलेली अक्षरं. खरी लाखी कशी होते, तर छापलेलं नाणं डायला चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्याच्यावर आपटते, म्हणजे एका बाजूला नेहमीचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र आरशासारखं आत गेलेलं, त्याच्याखाली दुसरं काहीच नाही. माझ्या नाण्यात उलट्या 'सत्यमेव'च्या खाली आकड्याचा उंचवटा अजून दिसत होता, आणि दुसऱ्या बाजूचे सिंह चेपलेले. दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलेली, बस्स. आणि व्हाइस विकतो कोण, तर मीच.

एक मात्र खरं निघालं. दोन रुपयांचं, सालाखाली हैदराबाद टांकसाळीची खूण असलेला तारा, आणि कडेपासून सिंहापर्यंत एक बारीक रेघ. मी ओरखडा समजून टाकून देणार होतो. काका म्हणाले नख फिरव. फिरवलं तर रेघ नखाला वर लागली, आत नाही. ओरखडा खोल जातो, पण डायला तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. किंमत विचारली तर काका हसले, म्हणाले, "दोन रुपये तर कुठे जात नाहीत रे."

ते पाकिटात घालून ठेवलंय. तीनशेवालं दुसऱ्या दिवशी बसमध्ये दिलं, कंडक्टरने बघितलंसुद्धा नाही.