शनिवार, संध्याकाळचे साडेपाच

बाबांना माझी नोकरी समजावून सांगायचं मी कधीच सोडून दिलंय. "आमची पोरगी अमेरिकेतल्या दारुड्यांची हजेरी मांडते," असं ते इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या त्यांच्या सकाळच्या मंडळींना पोहे खाता खाता सांगतात. माझ्या बायोडेटापेक्षा हे वर्णन नेमकं आहे, त्यामुळे मीही काही बोलत नाही.

विजयनगरातलं आमचं ऑफिस छोटंसं आहे आणि ते भरतं रात्रीच्या जेवणानंतर. आमची गिऱ्हाइकं कोलोरॅडोत. तिथं दारू पिऊन गाडी चालवताना सापडलं की नुसता दंड भरून सुटका होत नाही. बहुतेकांना वर्गात बसावं लागतं. 'लेव्हल टू' शिक्षण म्हणजे २४ तास, तेही कमीत कमी १२ आठवड्यांत. वर थेरपी लागली तर पहिला गुन्हा आणि रक्तात दारूचं प्रमाण बेताचं असलेल्याला ४२ तास, २१ आठवडे. आधी गुन्हा केलेला आणि प्रमाणही जास्त निघालेल्याला ८६ तास, ४३ आठवडे. तासांपेक्षा आठवडे महत्त्वाचे. सुट्टी टाकून, सलग बसून सगळं उरकून टाकता येत नाही. असे वर्ग चालवणाऱ्या केंद्रांसाठी आम्ही नोंदींचं सॉफ्टवेअर बघतो: कोण आलं, किती वेळ बसलं, विषय काय होता, आणि शेवटी डिस्चार्ज रिपोर्ट, म्हणजे वर्ग पुरे झाल्याचा दाखला. तो प्रोबेशन अधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा लोकांवर कोर्टातर्फे देखरेख ठेवणाऱ्याकडे, जातो, पुढं लायसन्सचं काम त्यावर अडून असतं.

गंमत म्हणजे आपला कायदा मर्यादेत जास्त कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा. तिकडे ५० ला एक कलम लागतं, ८० ला दुसरं. माझा एक मावसभाऊ बायपासवर सापडला होता. कोर्टात दंड भरला, पावती खिशात घातली, संध्याकाळी घरी जेवायला हजर. तू आठवड्यातून किती वेळा पितोस, एवढं त्याला मावशीनंसुद्धा विचारलं नाही.

असो. गोष्ट डिसेंबरातल्या एका सोमवारची. रात्रीचे नऊ, म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ. एका केंद्रातल्या समुपदेशक बाईंचा फोन. एका माणसाचा डिस्चार्ज रिपोर्ट पुढं जात नव्हता. सिस्टिम म्हणत होती २२ तास, बाई म्हणत होत्या २४. शिवाय मध्येच एक आठवडा 'गैरहजर' दिसत होता.

"तो एकही शनिवार चुकलेला नाही," बाई म्हणाल्या. "त्याचं कार्ड माझ्या हातात आहे. बारा सह्या आहेत, सगळ्या माझ्या."

आम्हाला पडद्यावर नाव दिसत नाही, फक्त क्रमांक. व्यसनोपचाराच्या नोंदींसाठी अमेरिकेत वेगळा केंद्रीय नियम आहे आणि तो इतका काटेकोर, की 'हो, हा माणूस आमच्याकडे येतो' एवढं बोलणंसुद्धा त्याच्या लेखी संमतीशिवाय चालत नाही. कोर्टाला आणि प्रोबेशनला कळवता यावं म्हणूनही आधी सही घेतात. तर मी क्रमांक टाकून नोंदी उघडत होते आणि फोनमधून मागं कुणीतरी खोकलं. मग एक जाड, दबका आवाज: आणखी किती वेळ? साडेनवाची बस आहे.

बाईंनी घाईनं स्पीकर बंद केला. पुढचं बोलणं मला फक्त त्यांच्याच आवाजात ऐकू आलं. पण तो माणूस तिथं समोर बसलाय, हे मला कळायला नको होतं आणि कळलं होतं. तीन वर्षांत क्रमांकाला पहिल्यांदा खोकला आला.

चूक शोधायला दीड तास लागला. सापडली तेव्हा कान गरम झाले, कारण तो कोड मीच लिहिलेला होता, त्याच वर्षीच्या मे महिन्यात.

आमचा सर्व्हर सगळ्या वेळा यूटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेत, ठेवतो. केंद्राला दाखवताना त्या तिथल्या वेळेत बदलून दाखवतो, म्हणून पडद्यावर सगळं बरोबर दिसायचं. आठवडे मोजणाऱ्या तुकड्यात मात्र तारीख बदलून घ्यायची मी विसरले होते. त्यांचा वर्ग शनिवारी संध्याकाळी साडेपाचला. उन्हाळ्यातल्या घड्याळाप्रमाणे तेव्हा यूटीसीत साडेअकरा वाजलेले असतात, वार शनिवारच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागं घेतात. मग तेच साडेपाच यूटीसीत मध्यरात्रीचे साडेबारा होतात आणि वार होतो रविवार. आमचा आठवडा रविवारी सुरू होतो. झालं! तो शनिवार पुढच्या आठवड्यात जाऊन बसला आणि मधला आठवडा रिकामा पडला. शिवाय या बाईंना शेवटचा वर्ग संपल्या संपल्या, त्याच संध्याकाळी डिस्चार्जवर सही करायची सवय. सिस्टिमच्या लेखी शेवटचा वर्ग रविवारचा, म्हणजे डिस्चार्जनंतरचा. तो धरलाच नाही. २४ वजा २.

मधल्या वारांचे वर्ग एक दिवस सरकले तरी त्याच आठवड्यात राहतात, म्हणून इतर कुणाला पत्ता लागला नव्हता. आणि मी चाचणी घेतली होती मे महिन्यात, इंदूरमध्ये. आपल्याकडे घड्याळ वर्षभर एका जागी असतं, डोक्यात यायचंच नाही. (हे कारण आहे, सबब नाही, असं मी आमच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, दोन्ही सारखीच ऐकू येतात.)

सरांनी सोपा रस्ता सुचवला. डिस्चार्जची तारीख एक दिवसानं पुढं करा, २४ तास पूर्ण होतील, माणूस पुढची बस पकडेल. कोड उद्या बघू. एका ओळीचं काम. खरं सांगते, माझा हात तिकडे गेला होता. त्या खोकल्यामुळेच गेला असेल. बाईंना विचारलं तर त्यांनी साफ नकार दिला. "मी शनिवारी सही केली. रविवारी मी चर्चमध्ये होते. उद्या कोर्टात कुणी विचारलं तर?"

मग रीतसर गेलो. मूळ नोंद पुसायची नाही; तिच्याखाली दुरुस्तीची नोंद, कुणी केली, केव्हा, का. 'का'च्या रकान्यात मी लिहिलं: सॉफ्टवेअरमधली चूक, व्यक्ती हजर होती. बाईंनी कार्ड स्कॅन करून जोडलं. कोपरे दुमडलेलं, एका जागी कॉफीचा गोल डाग, बारा सह्या. नावावर त्यांनी आधीच काळी पट्टी मारली होती.

त्याची साडेनवाची बस गेलीच. रिपोर्ट पुढं गेला तेव्हा तिकडे दुपारचे तीन वाजत आले होते आणि इथं खालचा चहावाला स्टोव्ह पेटवत होता. तो इतका वेळ थांबला होता का, हे मी विचारलं नाही. विचारूही शकत नव्हते.

त्यानंतर जे करायला हवं होतं ते केलं: शनिवारी संध्याकाळचे असे वर्ग आणखी कुठं आहेत ते शोधलं. तीन केंद्रं मिळून सतरा माणसं, प्रत्येकाच्या नोंदीत तोच एक रिकामा आठवडा. पंधरा जणांच्या बाबतीत समुपदेशकांनी हातातली हजेरीवही पाहून सिस्टिमचा इशारा बाजूला ठेवला होता. उरलेल्या दोघांच्या नावानं मात्र गैरहजेरीचं पत्र प्रोबेशनला गेलं होतं. पत्राचा मसुदा आमचंच सॉफ्टवेअर तयार करतं, समुपदेशकानं फक्त बटण दाबायचं.

सकाळी घरी पोचले तर बाबा पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत होते. "आज उशीर? कुणी पळाला की काय वर्गातून?"

"नाही, सगळे होते," मी म्हटलं आणि झोपायला गेले.

त्या दोघांच्या प्रोबेशन अधिकाऱ्यांना केंद्रांमार्फत दुरुस्तीची पत्रं त्याच आठवड्यात पाठवली. एका प्रोबेशन अधिकाऱ्याचं उत्तर चार दिवसांनी आलं: नोंद घेतली, कारवाई मागे. दुसऱ्याचं आलं नाही. जानेवारीत दोनदा आठवण पाठवली, फेब्रुवारीत केंद्रालाच फोन केला. तिथली नवी बाई म्हणाली, या क्रमांकाबद्दल मला तुम्हाला काहीही सांगता येणार नाही. नियमाप्रमाणे तिचं बरोबरच होतं. त्या तक्रारीचं तिकीट माझ्या कामांच्या यादीत अजून उघडं आहे.