तुम्ही विचारलंत म्हणून: रोज परीक्षा नाही, मग मुलांना आलं की नाही हे कळतं कसं?

पालकसभा असो की नव्या शिक्षकांचं प्रशिक्षण, हा प्रश्न येतोच. पालक विचारतात, ‘सहामाहीपर्यंत पेपरच नाही, मग आमच्या पोराला काय येतंय ते तुम्हाला कळतं कसं?’ नवे शिक्षक तेच जरा दबक्या आवाजात विचारतात, ‘पस्तीस मुलं आणि पाऊण तास. शिकवायचं कधी आणि तपासायचं कधी?’ दोघांनाही माझं उत्तर एकच असतं. शिकवता शिकवताच बघायचं. आणि बघताना कितीजणांचं बरोबर आलं एवढ्यावर थांबायचं नाही, चुकलेल्याची चूक कोणत्या जातीची आहे ते हुडकायचं.

आधी एक सवय सोडावी लागते. ‘समजलं का?’ असं वर्गाला विचारलं की ‘होऽऽ’ असं समूहगान होतं. त्यातून एवढंच कळतं की मुलं जागी आहेत. न समजलेलं मूल ‘नाही’ म्हणत नाही, कारण चौतीसजण वळून बघतात. हात वर करायला सांगितलं तरी तेच पाच-सहा हात वर येतात आणि त्यांच्या उत्तरांवर तास पुढे सरकतो. प्रश्न विचारल्यावर आपण थांबतही नाही. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट बघतात असं दिसलं. ती वाट तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तेव्हा प्रश्न आधी विचारावा, मनात तीनपर्यंत मोजावं आणि मग नाव घ्यावं. नाव आधी घेतलं की बाकीच्यांची सुटका होते.

यापेक्षाही नेमकं साधन आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, ते म्हणजे पाटी. एक प्रश्न द्या. सगळ्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरात उत्तर लिहायचं आणि पाटी पालथी ठेवायची. ‘दाखवा’ म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. पालथी ठेवण्याची अट सोडू नका, नाहीतर निम्मी उत्तरं शेजाऱ्याची असतात. पस्तीस पाट्यांवरून नजर फिरवायला अर्धा मिनिट पुरतो. चार-पाचजणांचं चुकलं असेल तर बाकीच्यांना उदाहरणं देऊन त्यांना जवळ घ्यायचं. वर्ग अर्धा अर्धा झाला असेल तर उत्तर लगेच फोडू नये. वेगळं उत्तर असलेल्यांच्या जोड्या लावून एकमेकांना पटवायला सांगावं आणि मग पुन्हा पाट्या. बहुतेकांचं चुकलं असेल तर शिकवण्याचीच रीत बदलायला हवी. तेच मोठ्या आवाजात पुन्हा सांगून भागत नाही.

हे सगळं चालतं ते प्रश्न बेतलेला असला तर. वजाबाकी आली का हे बघायला ४८७ − १५२ दिलं तर सगळा वर्ग पास होतो, कारण तिथे काही सुटं करावंच लागत नाही. तिसरी-चौथीत ४०३ − १७८ देऊन बघा. उत्तर २२५. चुकीची उत्तरं मात्र ठरावीक वळणाची येतात.

काही पाट्यांवर ३७५ दिसेल. या मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय: ८ मधून ३, ७ मधून ०, ४ मधून १. वरच्या संख्येतून खालची काढायची आहे, हेच त्याच्या मनात पक्कं नाही. त्याला शून्याचे बारकावे सांगून उपयोग नाही. त्याला ५२ − २७ वर परत न्यायचं, काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हातात द्यायच्या आणि ‘सात काढून दे’ म्हणायचं. दोन सुट्यांतून सात निघत नाहीत हे हाताला कळलं की गठ्ठा आपोआप सुटतो.

काहींचं उत्तर १३५ येईल. याला सुटं करावं लागतं हे ठाऊक आहे, पण दशकाच्या घरात शून्य दिसल्यावर तो थेट शतकाकडे गेला. एककासाठी एक शतक घेतलं, दशकासाठी आणखी एक घेतलं. शतक मोडलं की दहा दशक होतात, दहा एकक होत नाहीत, हा मधला टप्पा गळलाय. इथे काड्यांपेक्षा खेळातल्या नोटा बऱ्या. शंभराची नोट देऊन दहाच्या दहा नोटा घ्यायच्या, त्यातली एक देऊन रुपयाची दहा नाणी. दोनदा मोड करायची, दोन्ही वेळा वहीत लिहायचं.

तिसरं उत्तर ३२५. हा सगळ्यात फसवा. याने ‘शून्याचे नऊ होतात’ हे पाठ केलंय, पण शतकाच्या घरातले चार तसेच ठेवलेत. ‘हे नऊ कुठून आले?’ एवढंच विचारा. उत्तर देता आलं नाही तर कृती पाठ आहे आणि अर्थ कोरा आहे. त्याला ४०३ म्हणजे ३०० + ९० + १३ असं मांडायला लावायचं आणि बेरीज पडताळायला सांगायची.

पेपरात या तिघांनाही शून्यच मिळतं आणि सुधार वर्गात तिघांपुढे तीच दहा उदाहरणं येतात. माझ्या मते उपचारात्मक अध्यापन फुकट जातं ते इथेच.

एक खबरदारी हवी. एका उदाहरणावरून निदान करू नये. त्याच धाटणीची तीन द्यावीत, म्हणजे ५००-२६४, ७०६-३२९ अशी आणखी दोन. तिन्हींत तीच चूक आली तर तो मुलाचा पक्का झालेला नियम. एकातच आली तर घाई.

बरोबर उत्तरही फसवतं. सहावीत विचारा, ०.५, ०.३५ आणि ०.१२५ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती? काहीजण ०.१२५ म्हणतील, कारण ते ‘पॉइंट एकशे पंचवीस’ असं वाचतात आणि एकशे पंचवीस मोठे. ही चूक उघड आहे. पण ०.५ म्हणणाऱ्यांतही दोन गट असतात. एकाला दशांश स्थान कळलंय. दुसऱ्याचा समज असा की अंक जितके कमी तितकी संख्या मोठी, कारण ‘दशांश मोठा, सहस्रांश लहान’ हे त्याने ऐकलंय. लगेच ०.४ आणि ०.४५ विचारा, दुसरा गट ०.४ म्हणून पकडला जाईल. म्हणून ‘कसं केलंस, सांग’ हे बरोबर उत्तरालाही विचारायचं. फक्त चुकल्यावर विचारलं तर मुलं चार दिवसांत ओळखतात आणि प्रश्न ऐकताच खोडरबर काढतात.

भाषेत पाटी पुरत नाही, तिथे एकेकाला ऐकावं लागतं. वाचन तपासताना पाठ्यपुस्तकातला शिकवलेला पाठ घेऊ नये. चित्र बघून अख्खं पान घडाघडा म्हणणारी मुलं असतात. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं की गाडी अडते. साठ-सत्तर शब्दांचा न वाचलेला उतारा घ्यावा, एक प्रत मुलाकडे, एक आपल्याकडे. आपल्या प्रतीवर मूल जे म्हणतं ते शब्दावर लिहीत जायचं. ‘वडिलांनी’च्या जागी ‘बाबांनी’ वाचलं तर ते अर्थ धरून चाललंय, काळजी नको. ‘सूर्य’ला अडखळलं तर रफार घ्यायचा. ‘कपाट’ला ‘कपडा’ म्हणत असेल तर ते पहिली दोन अक्षरं बघून अंदाजाने उडी मारतंय. त्याला सावकाश, बोट ठेवून वाचायला लावायचं. अडखळून स्वतःच दुरुस्त केलेल्या शब्दाला वेगळी खूण करा, ती जमेची बाजू आहे. आणि ‘पाणी’ला ‘पानी’ वाचणारं खानदेशातलं किंवा वऱ्हाडातलं मूल वाचनात चुकत नाही, ते घरच्या बोलीत वाचतंय. तिथे लाल खूण केली तर ते वाचायचंच बंद होतं.

वाचून झाल्यावर चार प्रश्न विचारावेत. दोन उताऱ्यात सरळ उत्तर असलेले, एक ‘का’ आणि एक ‘तू असतास तर काय केलं असतंस’. भरभर वाचून तिसऱ्या प्रश्नाला गप्प होणारी मुलं पुष्कळ असतात, आणि नुसत्या वेगावर श्रेणी दिली तर त्यांचा पत्ताच लागत नाही. एका मुलाला चार-पाच मिनिटं लागतात. रोज तीन मुलं घेतली तर पस्तीसजणांचा फेरा दोन आठवड्यांत होतो. बाकीच्यांना तेवढा वेळ लेखनाचं काम.

नोंदीचं म्हणाल तर एक साधी वही पुरे, दर मुलाला एक पान. रोज सगळ्यांचं लिहायला जाऊ नका, तिसऱ्या दिवशी सुटतं. रोज पाच-सहा मुलं ठरवून घ्यावीत. नोंदीत तारीख, काय दिसलं, पुढे काय करणार, एवढंच. ‘अभ्यासात लक्ष देतो, वागणूक चांगली’ ही नोंद कोणाच्याही पानावर चालते, म्हणजे ती कोणाचीच नाही. ‘१२ जुलै. शून्यातून दशक सुटं करताना अडते, नोटा दिल्या की जमते, सोमवारी नोटांशिवाय बघणे’ ही नोंद वाचून बदली शिक्षकही सोमवारचा तास घेऊ शकेल.

आता सरकारी चौकट. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या २९व्या कलमात मुलाच्या समजेचं सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन सांगितलंय. त्यावरून महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० ला शासन निर्णय काढला. त्यात वर्षभराचं आकारिक आणि सत्राअखेरचं संकलित अशी विभागणी आहे. पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के, संकलित ३०; तिसरी-चौथीला ६० आणि ४०; पाचवी-सहावीला निम्मं निम्मं; सातवी-आठवीला ४० आणि ६०. आकारिकसाठी आठ साधनं दिलीत: निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. चाचणीत पुस्तक उघडं ठेवून घ्यायची चाचणीही येते. ती फार कमी ठिकाणी घेतली जाते. खरं तर पाठांतर बाजूला सारून समज बघायला ती उत्तम, मात्र प्रश्न ‘का’ आणि ‘कसं’चे हवेत.

पुढे याच कायद्यातल्या ‘आठवीपर्यंत नापास करू नका’चा अर्थ लोकांनी ‘परीक्षाच नाही’ असा लावला. परीक्षा कधीच बंद नव्हती, संकलित चाचण्या वर्षातून दोनदा होतच होत्या. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३-२४ पासून राज्यात पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा, त्यात राहिलं तर पुनर्परीक्षा, अशी सोय आली.

चौकट वाईट नाही. बिघडतं ते भरताना. वर्णनात्मक नोंदी सत्राच्या शेवटच्या आठवड्यात तयार पीडीएफमधून उतरवल्या जातात. प्रकल्पाचे गुण पालकांच्या कौशल्याला पडतात. तो वर्गातच करून घेतला आणि दोन प्रश्न तोंडी विचारले तर हे टळतं. तोंडी कामाचे गुण सगळ्यांना सरसकट दहापैकी आठ. लेखी पेपर तपासताना सुंदर अक्षर आणि हुशार म्हणून ओळखीचं नाव, दोन्ही गुण वाढवतात. त्यावर उपाय असा: एका मुलाचा अख्खा पेपर एका दमात तपासू नका. सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी, मग गठ्ठा उलटापालटा करून सगळ्यांचा दुसरा. वेळ तेवढाच लागतो, आणि एका प्रश्नात कोण कसं चुकलंय हे ओळीने दिसतं. ‘पॅट’सारख्या (म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी) राज्यभर होणाऱ्या चाचण्यांनंतर गुण ऑनलाइन भरावे लागतात. भरा, पण उत्तरपत्रिका कपाटात टाकण्याआधी प्रश्ननिहाय चुकांची एक यादी करून घ्या. वर्गात कामाला येते ती यादीच.

मुलाला परत काय द्यायचं, यात लाल शाईचा मोह आवरावा. निबंधातल्या सगळ्या चुकांना गोल केला तर मूल गोल मोजतं आणि वही मिटतं. एका वेळी एकच जात घ्या, समजा अनुस्वार. ‘या परिच्छेदात चार अनुस्वार राहिलेत, शोध’ असं समासात लिहा आणि शोधून होईपर्यंत गुण देऊ नका. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्राएलमधल्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. शेऱ्याबरोबर गुणही मिळालेली मुलं सुधारण्यात नुसते गुण मिळालेल्यांच्याच रांगेत राहिली. आकडा दिसला की शेरा वाचला जात नाही, हे कोणताही शिक्षक वह्या वाटताना बघू शकतो.

पालकांसाठी एवढंच. प्रगतीपुस्तकात ब-१ दिसलं तर ते ७१ ते ८० टक्के, यापलीकडे ते पान फारसं बोलत नाही. सभेत ‘किती पडले?’ऐवजी ‘कुठे अडतंय, आणि त्यावर सध्या काय चाललंय?’ असं विचारा. मुलाची वही चाळून बघायला मागा. त्याच जातीची चूक जूनमध्येही आहे आणि सप्टेंबरमध्येही आहे का, ते बघा. असेल तर शिक्षकांना तेच पान दाखवून विचारा. घरी आणखी पन्नास उदाहरणं मात्र देऊ नका. चुकीची रीत पन्नास वेळा गिरवली की ती मोडायला दुप्पट वेळ लागतो.