टाय नसलेला सोमवार

पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नामपट्टी अशा वेशात ह्यूस्टनमधल्या आमच्या गल्लीत दारोदार फिरणारे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे दोन तरुण मिशनरी आज कपडे धुण्याच्या लाँड्रोमॅटमध्ये साध्या टी-शर्टात भेटले, तेव्हा मला ते चटकन ओळखूच आले नाहीत. सोमवार हा त्यांचा तयारीचा दिवस. कपडे, किराणा आणि घरी फोन. २०१९ पर्यंत घरच्यांशी फोनवर बोलण्याची मुभा साधारणपणे नाताळ आणि मातृदिन एवढीच होती, आता ती दर आठवड्याला आहे.

एरवी सकाळी साडेसहाला उठायचे, अभ्यास करायचा, मग दिवसभर दारे ठोठावायची. दोन वर्षे पगार नाही, उलट खर्चाचा भार बहुधा कुटुंबावरच, आणि सोबतच्या मिशनरीला सोडून एकट्याने कुठे जायचे नाही. त्यांतला धाकटा, जेमतेम एकोणीस वर्षांचा, कॉलरवरचा मळ वडीने घासता घासता सांगत होता की, बहुतेक दारे तोंडावर बंद होतात, पण पाणी विचारणारी घरे नेमकी लक्षात राहतात.

त्यांची शिकवण मला पटत नाही आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितले आहे. तरी त्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटते. चहा-कॉफी त्यांना वर्ज्य असल्यामुळे आपल्या पाहुणचाराची पंचाईत होते, म्हणून लिंबू सरबताचे निमंत्रण दिले आहे. गुरुवारी येतो म्हणाले.