हौद्यात काय वाहिलं, ते आधी विचारा

गेल्या महिन्यात चुलत दिराचा फोन आला. "वहिनी, एक पिकअप बघितलीय. डिझेल, २०१८ ची, मीटरला फक्त ६८ हजार. रंग असला टकाटक, की नव्यागत दिसतीय. उद्या इसार देऊन टाकू काय?"

मी विचारलं, "हौद्यात काय वाहायची ती?"

"म्हंजे?"

"म्हणजे ऊस, कोंबड्या, मासळी, दूध, काय वाहायची?"

त्याला माहीत नव्हतं. त्यानं टायर बघितले होते, टेप वाजवून बघितला होता, सीटकव्हरचं कौतुक केलं होतं. मी त्याला हसले नाही, कारण २०२२ च्या जानेवारीत मीही एवढंच बघितलं होतं आणि चार लाख दहा हजार मोजले होते.

आमची मिरजेजवळ रोपवाटिका आहे. मिरची, टोमॅटो, फ्लॉवर आणि अलीकडं उसाची रोपं. आधी छोटा हत्ती होता, पण त्यात ट्रे मावेनात म्हणून पिकअप घ्यायची ठरली. हौद्यात पाच खणांची लोखंडी मांडणी केली, की ९८ कप्प्यांचे १४० ट्रे बसतात. साडेतेरा हजारांवर रोपं होतात. वजन म्हणाल तर फार नाही, पण माल जिवंत आहे. गाडी उन्हात दोन तास उभी राहिली, की रोपं माना टाकतात. म्हणजे मला जोरकस गाडी नको होती, पहाटे पाचला एका चावीत सुरू होणारी आणि रस्त्यात न बसणारी गाडी हवी होती. एवढा साधा विचारही मी तेव्हा केला नव्हता.

त्या पहिल्या गाडीनं एप्रिलमध्ये जतला जाताना नागज फाट्याच्या पुढं दगा दिला. चालत्या गाडीत डॅशबोर्ड अंधारला आणि इंजिन बंद. चावी फिरवली तर साधी टकटकसुद्धा नाही. मेकॅनिक येईपर्यंत साडेबारा वाजले. आम्ही कापड बांधलं, शेजारच्या वस्तीवरून पाणी आणून शिंपडलं, तरी वरच्या दोन खणांतली मिरची गेली. त्यानंतर सहा महिन्यांत वायरिंग तीनदा केलं. शेवटी मिरजेतल्या आमच्या मिस्त्रींनी चेसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, पोकळ पट्टीच्या भोकात एक तार घातली आणि ओढली. भुरुभुरु वाळलेला गाळ खाली पडला. पिवळट, मऊ, पिठासारखा. तो गाळ मला नवीन नाही, माझं माहेर नदीकाठचंच आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ असे दोन महापूर सांगलीनं पाठोपाठ बघितले. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि दोन्ही वेळा पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. तेव्हा बुडालेल्या गाड्या काय सगळ्या भंगारात गेल्या? कित्येक धुऊन, रंगवून पुन्हा बाजारात आल्या. त्यातली एक माझ्या दारात होती.

तेव्हापासून सांगली, कोल्हापूर, कराड पट्ट्यातली कुठलीही जुनी गाडी बघायला गेले, की मी पहिल्यांदा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढते. बाहेरचा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. त्यावर आडवा डाग असेल तर पाणी तिथपर्यंत आलं होतं. मग मागच्या दिव्याचे दोन स्क्रू काढायचे, फ्यूज बॉक्स उघडायचा, डॅशबोर्डखालच्या वायरींचे कपलर सोडवून बघायचे. आत हिरवट बुरशीसारखं काही दिसलं, की नमस्कार करून निघायचं. गेल्या वर्षीची विमा पॉलिसीही मागून घ्या. फुल विमा असेल तर त्यावर नो क्लेम बोनसचा आकडा असतो. क्लेम न घेता वर्षं गेली, की तो २० टक्क्यांपासून चढत ५० पर्यंत जातो. सात-आठ वर्षांच्या गाडीवर तो शून्य दिसला, तर क्लेम कशाचा घेतला होता ते मालकाला विचारायचं आणि उत्तर देताना त्याच्या तोंडाकडं बघायचं.

मीटरवर माझा विश्वास नाही. डिजिटल मीटर मागं घेणं हे कुणालाही जमणारं काम झालंय. साधा हिशेब करा: दुधाची गाडी रोज १२० किलोमीटर पळते, वर्षात एक दिवस सुट्टी नाही, म्हणजे वर्षाला ४३ हजारांच्या पुढं. सहा वर्षांत अडीच लाख. अशी गाडी ७० हजार दाखवत असेल, तर क्लचच्या पॅडलचा रबर बघा, स्टेअरिंगची चकाकी बघा, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उचलून बघा, बिजागरीत हलतंय का.

पण हौदा खोटं बोलत नाही. मला एवढंच ठासून सांगायचंय.

हळदीची गाडी असेल तर फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या बाजूच्या) बिजागऱ्यांत, पत्र्याच्या जोडात पिवळं राहतं. कितीही धुवा. हळदीनं गाडीचं काही बिघडत नाही, पण पोती वजनदार, तेव्हा कमानपाटे, म्हणजे वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, नीट बघायचे. द्राक्षाच्या क्रेटवाल्या गाड्या हंगामात रात्रंदिवस पळतात आणि एरवी उभ्या असतात. त्या बऱ्या, फक्त त्याच गाडीतून औषधांचे कॅन आणि खतं गेलेली असतात, तेव्हा तळाचा पत्रा ठोकून ऐकायचा. कोंबड्यांची गाडी मात्र नको. विष्ठेतला अमोनिया पत्रा आतून खातो. आणि रत्नागिरीकडनं मासळी आणणारी गाडी तर फुकट दिली तरी नको. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चेसीवर गळतं, वर्षानुवर्षं. अशी एक मी जवळजवळ पसंत केली होती. वास नव्हता, रंग नवा होता. मिस्त्रींनी खाली झोपून चेसीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, दाबला, आणि तो आत गेला. पापडात बोट जावं तसा. "वहिनी," ते खालूनच म्हणाले, "हिच्यात पोळी लाटायला बी पत्रा ऱ्हायला न्हाई."

चेसीचं आणखी एक. केबिनच्या मागं आणि पाट्यांच्या हँगरपाशी वेल्डिंगचं ठिगळ असेल तर गाडीनं जन्मभर दुप्पट वजन ओढलंय. मागचे पाटे मोजा. दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, एखादा नवा आणि बाकी गंजलेले असं आहे का. आमचे सासरे याच्याही पुढं गेले. "गाडी वजनकाट्यावर घाला," म्हणाले. मला वाटलं, म्हातारपणचं काहीतरी. पण आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन छापलेलं असतं. एका गाडीचं काट्यावर त्याच्यापेक्षा १८५ किलो जास्त भरलं. खाली जाड पत्रा, बाजूनं चॅनेल, वाढवलेले पाटे. ती गाडी कशासाठी तयार केली होती ते वेगळं सांगायला नको. शंभराच्या आतल्या पावतीत एवढी माहिती मिळते.

इंजिन. इथं मी मिस्त्रींना पुढं करते, पण काही गोष्टी आता मलाही कळतात. डिझेल गाडी थंड असताना बघायची. मालकाला आदल्या दिवशी सांगायचं, आम्ही येईपर्यंत चावी लावू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. कोमट लागला तर त्यानं पहाटे उठून गाडी तापवून ठेवलीय, आणि उगाच कुणी पहाटे उठत नाही. थंड इंजिन सुरू होताना थोडा धूर येतो, तो जाऊ दे. गरम झाल्यावर निळा राहिला तर इंजिन ऑइल खातंय. पांढरा राहिला तर डिझेल नीट जळत नाही, नाहीतर पाणी आत जातंय. रेस दिल्यावर काळे ढग आले तर एअर फिल्टरपासून नोझलपर्यंत (इंजिनात डिझेल फवारणारी पिचकारी) काहीही असू शकतं. ऑइलचं झाकण सुरू इंजिनावर काढून उलटं ठेवा. नुसतं थरथरलं तर ठीक, उडून पडलं किंवा भसाभस धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन मारतंय, सिलिंडरमधला दाब खाली गळतोय, म्हणजे इंजिन उतरवायचा खर्च तयार ठेवा. झाकणाच्या आत दुधाच्या सायीसारखं दिसलं तर हेड गॅसकेट गेलं, पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. ऑइल काळं आहे म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल लगेच काळं होतं. उलट विकायच्या दिवशी मधासारखं सोनेरी ऑइल दिसलं, की मलाच शंका येते.

कॉमन रेल, म्हणजे जास्त दाबानं डिझेल फवारणाऱ्या, इंजिनाचं नोझल हे महागाचं दुखणं. मिस्त्री एक गंमत करतात. चार सिलिंडरच्या चार नोझलच्या रिटर्न नळ्या काढून चार छोट्या बाटल्यांत सोडतात, सलाईनच्या असतात तशा, आणि गाडी पाचेक मिनिटं नुसती सुरू ठेवतात. चारही बाटल्यांत डिझेल सारखं चढायला पाहिजे, एखादीत जास्त आलं तर ते नोझल गेलं. आम्ही नाकारलेल्या एका गाडीत तीन बाटल्या बोटभर भरल्या आणि चौथी निम्म्याच्या वर. तो मालक बिचारा खरंच गोंधळला, त्यालाही माहीत नव्हतं.

एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ गाडी असेल तर बहुतेकींच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो. गावातल्या गावात फिरलेल्या गाडीचा तो चोंदतो. चावी अर्धी फिरवली, की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल, तर तो मुद्दाम आंधळा केलाय.

क्लचसाठी घाटात जायची गरज नाही. हँडब्रेक ओढा, चौथा गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. सुरूच राहिलं तर क्लच प्लेट गेली. तरी मी दंडोब्याच्या चढावर नेतेच, मागं थोडं वजन टाकून. चढाला टर्बोची शिट्टी, डिफरन्शियलचं रडणं, गाडी निघताना प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा 'कट्' आवाज, सगळं ऐकू येतं. टेप बंद ठेवा आणि सोबत बोलका माणूस नेऊ नका.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण ते मी कुणावर सोडत नाही. चेसी नंबर गाडीवर हातानं पुसून वाचायचा आणि आरसीशी एकेक अक्षर ताडायचं. ऑनलाइन बोजा (गाडीवरचं कर्ज), चलन, फिटनेसची म्हणजे पासिंगची तारीख बघायची. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर तिथली एनओसी. गाडीचं एकूण वजन ३००० किलोच्या वर जात असेल तर परमिटही लागतं, खाली असेल तर नाही. "नावावर करायची काय घाई, चालवा की वर्षभर" असं एजंट म्हणतो. त्याला घाई नसते, आपल्याला असावी. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा.

२०२४ ला मी घेतली ती इचलकरंजीकडची पावाची गाडी होती. मीटर १ लाख ४२ हजार, आणि तो खरा, कारण बेकरीवाल्यानं ऑइल बदलल्याच्या चिठ्ठ्या एका फाइलीत लावून ठेवल्या होत्या. पाव हलका. पाटे कंपनीतून आले तसेच. रोज पहाटे साडेतीनला सुरू व्हायची सवय. पाच लाख वीस हजार सांगितले, चार लाख नव्वदला तुटलं. फक्त मुंग्या! सीटखाली, ग्लोव्ह बॉक्समध्ये, दाराच्या रबरात. दीड वर्ष झालं, अजून निघतात. आणि हँडब्रेक कितीही आवळला तरी उताराला धरत नाही, म्हणून सीटमागं एक वीट असते.

दिराची ती ६८ हजारवाली आम्ही जाऊन बघितली. बॅटरीच्या पेटीच्या आतल्या बाजूला ऑइल बदलल्याची जुनी चिठ्ठी होती, कडा फाटलेली, पण आकडा शाबूत: १,८३,०००. हौद्याच्या कोपऱ्यात पत्र्याच्या जोडाखाली चिकटलेलं पांढरं पीस मी नखानं काढलं आणि दिराच्या हातावर ठेवलं. तो काही बोलला नाही. मालक म्हणाला, "ताई, ते वाऱ्यानं आलं असंल."

येत्या रविवारी कराडला एक बघायची आहे. भाजीची गाडी म्हणतायत. पहाटे साडेचारला निघणार आहोत, मिस्त्री बाटल्या घेऊन येतायत.