शाडूचा हात, साखरेचा जेसीबी

फॉन्डंटला, म्हणजे केकवर पांघरतात त्या साखरेच्या कणकेला, ओला हात लावायचा नसतो, हे मला तिसऱ्या केकला कळलं. पहिल्या दोन केकांना मी सवयीने वाटीत बोट बुडवून भेगा पुसत बसले. सवय शाडूची. माझं माहेर पेणचं, घरात बाबांचा गणपतीचा कारखाना. शाडूची भेग ओल्या बोटाने पुसली की मिटते. साखरेवर तेच बोट फिरवलं की तिथे चकचकीत, चिकट डाग पडतो, साखर विरघळून खळगा होतो आणि तो झाकायला गेलं की आणखी मोठा होतो. लेकीच्या चौथ्या वाढदिवसाची ती गुलाबी परी शेवटी गोवर उठल्यासारखी दिसत होती. लेक मात्र खूश. तिला वाटलं ठिपके मुद्दाम काढलेत.

आता ती आठ वर्षांची आहे, धाकटा गेल्या नोव्हेंबरात पाच पूर्ण झाला, आणि आम्ही इंग्लंडातल्या लीड्समध्ये इतकी वर्षं काढलीत की घरी कोणी ‘गार आहे का तिकडे?’ विचारलं तर मी खिडकीबाहेर न बघता ‘हो’ म्हणते. इथल्या वाढदिवसांचं एक ठरलेलं आहे. हॉल घ्यायचा, वर्गातली पोरं बोलवायची, दोन तास आरडाओरडा, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात एक पिशवी. केक तिथे खायला मिळतोच असं नाही. मेणबत्त्या विझल्या की कोणीतरी आई तो स्वयंपाकघरात नेऊन तुकडे करते, एकेक तुकडा कागदी रुमालात गुंडाळते आणि पिशवीत टाकते. पोर तो गाडीत खातं, नाहीतर सोमवारी आईला दप्तराच्या तळाशी सापडतो.

बरेच जण सरळ दुकानातून केक आणतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. मार्क्स अँड स्पेन्सरचा ‘कॉलिन’ नावाचा सुरवंट १९९० पासून इथल्या वाढदिवसांना हजेरी लावतोय. चॉकलेट स्पंजचा लांब रोल, त्याला पांढऱ्या चॉकलेटचं तोंड आणि बूट. २०२१ मध्ये ऑल्डी या दुसऱ्या सुपरमार्केटच्या तशाच ‘कथबर्ट’ सुरवंटावरून दोन कंपन्या कोर्टात गेल्या, नंतर समझोता झाला. सुरवंटासाठी कोर्टकचेरी! माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुमच्याकडे न्यायाधीशांना कामं कमी दिसतायत. आमच्यासाठी मजा अशी की या कंपनीची सुरुवातच आमच्या गावातली. १८८४ साली मायकल मार्क्सने लीड्सच्या कर्कगेट मार्केटात ‘एका पेनीत काहीही’ असा ठेला मांडला होता. मी भाजीला तिथेच जाते.

तर धाकट्याला कॉलिन नको होता. त्याला ‘डिगर’ हवा होता, पिवळा. व्हिडिओ कॉलवर त्याने आबांना हे सांगितलं, तर आबा म्हणाले, “डिगर म्हणजे?” मी म्हटलं, “बाबा, जेसीबी.” “अरे, जेसीबी म्हण की मग!” खरं म्हणजे जेसीबी हा इथलाच माणूस. जोसेफ सिरिल बॅमफर्डने १९४५ मध्ये स्टॅफर्डशरमधल्या उटॉक्सिटरला कारखाना काढला, त्याची ही आद्याक्षरं. आपल्याकडे माती उकरणारं कुठलंही यंत्र जेसीबी होऊन बसलं, ते यंत्र पुण्याजवळ तळेगावलाही तयार होतं, आणि इकडे त्याच्या जन्मदेशातल्या माझ्या मुलाला ते नाव माझ्या वडिलांनी शिकवलं.

फॉन्डंट म्हणजे काय, हे वहिनी मला दर वेळी विचारते म्हणून इथेच लिहिते. पिठीसाखर, ग्लुकोजचा पाक, थोडं वनस्पती तेल, थोडा डिंक, मऊ राहावं म्हणून ग्लिसरीन. मळलेल्या कणकेसारखा गोळा. इथे त्याला शुगरपेस्टही म्हणतात, पाकिटावर ‘रेडी टू रोल आयसिंग’ असं लिहिलेलं असतं. किलोचं पांढरं पाकीट तीनेक पौंडांत मिळतं. आठ इंची गोल केक झाकायला मला पाऊण किलो लागतं. केकवर आधी बटरक्रीमचा पातळ हात द्यायचा, तो फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यायचा, मग साधारण चार मिलिमीटर जाड लाटलेली पोळी लाटण्यावर उचलून वरून सोडायची. पुरणपोळी तव्यावर टाकता येणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. फक्त पुरणपोळी फाटली तर तूप सोडून झाकता येते.

मुलं सोबत असली की यातलं अर्धं गणित बदलतं. किलोचा गोळा त्यांच्यासमोर कधीच ठेवायचा नाही. लिंबाएवढा एकेक द्यायचा, बाकीचा क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून डब्यात. नोव्हेंबरात घरात हीटिंग चालू असतं, उघडा गोळा दहा मिनिटांत वरून सुकतो आणि मळला की आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारखा तडकतो. त्यावर उपाय ओलं बोट नाही, नखाएवढं पांढरं वनस्पती तूप. उलट मुलांचे हात गरम. ती मळतात, मळतात, मळतच राहतात, आणि गोळा च्युइंगगमसारखा बोटांना लोंबायला लागतो. त्यासाठी मी जुन्या मलमलीत कॉर्नफ्लोरची पुरचुंडी बांधून ठेवलीय. धाकटा ती आपटत बसतो, टेबलावर, बहिणीवर, एकदा लॅपटॉपवर.

हत्यारांचे इथे महागडे संच मिळतात. माझ्याकडे करंजीचं कातणं आहे, शेवेच्या चकतीसकट सोऱ्या आहे. हिरवा फॉन्डंट सोऱ्यातून काढला की गवत तयार. कातण्याने कडा कापली की टायरची नक्षी. आईने हे सगळं दिवाळीच्या फराळासाठी बॅगेत घातलं होतं, आणि चकलीपेक्षा गवतच जास्त पडलंय त्यातून.

रंगाने मात्र खाल्लं डोकं. जेसीबी पिवळा हवा, आणि पिवळा रंग म्हणजे डबीवरची बारीक अक्षरं वाचणं आलं. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा २००७ मधला अभ्यास आहे, काही कृत्रिम रंग आणि मुलांचा चंचलपणा यांबद्दलचा. त्यानंतर टार्ट्राझिन, सनसेट यलो धरून सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापणं २०१० पासून बंधनकारक झालं: मुलांच्या हालचालींवर आणि लक्ष देण्यावर विपरीत परिणाम होऊ शकतो. वीस पोरं हॉलमध्ये धावणार, त्यात आणखी भर कशाला! म्हणून मी शहाणपणा केला आणि घरची हळद घातली. रंग आला साबुदाण्याच्या पापडासारखा फिका, आणि वास आला वरणाचा. लेकीने हुंगून विचारलं, “आई, याला फोडणी द्यायचीय का?” शेवटी हळदीचाच पण बिनवासाचा, डबीवर ई १०० असा रंगाचा क्रमांक असलेला तयार पिवळा फॉन्डंट आणला. लाल घेताना ई १२० नाही ना, ते बघते, तो कीटकांपासून काढतात. आणि घरच्या घरी मार्शमॅलो वितळवून फॉन्डंट करायच्या ज्या कृती फिरत असतात, त्यातलं जिलेटिन बहुधा डुकराचं असतं. धाकट्याच्या वर्गात निम्मी मुलं ते खात नाहीत, आम्हीही नाही. काळा रंग तर घरी करायच्या भानगडीतच पडू नका. पांढऱ्यात रंग ओतत राहावं लागतं, गोळा पातळ आणि कडू होतो आणि पार्टीतल्या सगळ्यांचे दात मंजन लावल्यासारखे दिसतात. चाकांना मी ओरिओ बिस्किटं लावली.

गुरुवारी आम्ही केकवर ठेवायची चित्रं, म्हणजे फॉन्डंटच्या छोट्या आकृत्या, करायला बसलो, म्हणजे शनिवारपर्यंत सुकतील. उभं राहणाऱ्या वस्तूंसाठी फॉन्डंटमध्ये सीएमसी पावडर घालतात, पाव किलोला एक छोटा चमचा, मग ते लवकर कडक होतं. जेसीबीचा पंजा आम्ही चमच्याच्या पाठीवर वाळत घातला. शेजारच्या आजी चहाला आल्या होत्या. त्या ऐंशीच्या आहेत. पोरांचं चाललेलं बघत म्हणाल्या, माझ्या आईच्या लग्नातला केक पुठ्ठ्याचा होता. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण खरंच. युद्धात साखर कमी, १९४० मध्ये सरकारने केकवर आयसिंग करायलाच बंदी घातली. मग लग्नात खालचा छोटासा साधा केक झाकायला वरून पुठ्ठ्याचं तीन मजली आवरण भाड्याने आणायचे, फोटो काढायचे आणि परत करायचे. साखरेचं रेशनिंग १९५३ पर्यंत चाललं. आजी तेव्हा आठ वर्षांच्या. त्यांनी हे सांगितलं आणि टेबलावर पडलेला पांढऱ्या फॉन्डंटचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला, अगदी सहज. धाकट्याने लगेच माझ्याकडे बघितलं. त्याला मी दहा मिनिटांपूर्वी त्याच गोष्टीसाठी ओरडले होते.

लेकीने ड्रायव्हर केला. निळी पँट, नारिंगी जाकीट, पायांत केवढे तरी बूट. मान नाही. डोकं सरळ खांद्यांवर ठेवलेलं, आणि एक डोळा दुसऱ्याच्या दुप्पट. पाऊण तास जीभ बाहेर काढून ती हे करत होती.

रात्री अकरा वाजता ओटा आवरताना मी तो ड्रायव्हर हातात घेतला. नुसतं बघायला. डोकं अजून मऊ होतं. मला वाटलं, असाच ठेवला तर सुकताना गळून पडेल. म्हणून अलगद काढलं, मध्ये एक छोटी गोळी बसवली, आत टूथपिकऐवजी कच्च्या शेवईचा तुकडा टोचला, कारण पोरांच्या पोटात जाणार. मग डोकं बसवलंच आहे तर डोळाही सारखा केला. छान दिसायला लागला. दुकानातल्यासारखा.

सकाळी ती शाळेचे मोजे घालत खाली आली, ट्रेसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “ह्याला मान कोणी लावली?”

मी म्हटलं, पडला असता गं. ती काही बोलली नाही. दूध न पिता गेली.

मी सातवीत होते तेव्हा बाबांनी मला उंदीर करायला दिला होता. दीड फुटी मूर्तीचा, हमरापूरच्या एका गिऱ्हाइकाचा. आषाढातला पाऊस, कारखान्यात बल्बच्या उजेडात ओळीने कच्च्या मूर्ती, ओल्या फडक्यांखाली झाकलेल्या. मी केलेल्या उंदराचे कान सशाएवढे झाले होते, आणि मला ते आवडले होते. दुसऱ्या दिवशी फडकं उचललं तर कान नीट, छोटे, इतर सगळ्या उंदरांसारखे. मी कोणाला विचारलं नाही. त्यानंतर मी आखणीपर्यंत, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवण्यापर्यंत, कधी पोचले नाही. अभ्यास वाढला, दहावी आली, हे सगळं खरं आहे, पण मला तो उंदीर आठवतो.

त्या शुक्रवारी दुपारी मी बाबांना फोन लावला. त्यांच्याकडे संध्याकाळ होती. मानेचं सांगितलं. उंदराचं त्यांच्यापुढे आजवर कधी काढलं नव्हतं, तेही सांगितलं. त्यांना उंदीर आठवत नव्हता. जरा वेळ गेला. मग म्हणाले, “गिऱ्हाइकाने परत केला असता गं.” आणि थोड्या वेळाने, “तुझ्या केकला गिऱ्हाईक कोण आहे?”

शाळेतून आल्यावर मी तिला सांगितलं, मी लावली मान, विचारायला हवं होतं. तिने दप्तर खाली टाकलं, ड्रायव्हरचं डोकं उपटलं, मान काढून खाल्ली, शेवई माझ्या हातात दिली आणि डोकं पाण्याच्या एका थेंबाने पुन्हा खांद्यांवर चिकटवलं. चिकटवायला मात्र पाणी लागतं, तेवढंच. डोळ्याचं तिने काही केलं नाही. म्हणाली, “तो असू दे, बरा आलाय.”

शनिवारी सकाळी घरी पाटावर बसवून औक्षण, दुपारी हॉलमध्ये केक. गाडीत एका वळणावर जेसीबीचा पंजा मोडला. धाकट्याने तो मातीत, म्हणजे चुरलेल्या चॉकलेट बिस्किटांत, अर्धा पुरला आणि सगळ्यांना सांगितलं की तो काम करतोय. वीस पोरांनी गाणं म्हटलं, मेणबत्त्या तिघांनी मिळून विझवल्या, आणि मी आत जाऊन तुकडे रुमालात बांधले. फॉन्डंट रुमालाला चिकटतो, दर वेळी. कागद सोलून खावा लागतो. एका आईने नंतर निरोप पाठवला की तिच्या मुलाने फक्त पिवळं साल खाल्लं आणि केक कुत्र्यापुढे धरला, पण तो चॉकलेटचा, आणि चॉकलेट कुत्र्याला बाधतं, म्हणून तिने वेळेत काढून घेतला.

वहिनीने पेणला जुलैत करून बघितलं होतं, फ्रिजमध्ये ठेवून. बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत केकला घाम फुटला आणि मोराचा निळा रंग पांढऱ्या पोळीवर ओघळला. वहिनी, पावसाळ्यात वरून गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचा लेप, किंवा साधं क्रीमच बरं. करायचाच असेल तर केक फ्रिजमध्ये ठेवू नकोस, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेव आणि त्याच दिवशी काप.

ड्रायव्हर कापू दिला नाही. तो आमच्या खिडकीत आहे, गणपतीच्या शेजारी. कडक झालाय, दगडासारखा, आणि उन्हाने जाकिटाचा नारिंगी उडून बदामी झालाय. बूट जरा झिजलेत. लेकीला वाटतं ऊन लागून. मला माहितीये की धाकटा शाळेला निघताना खुर्चीवर चढून ते चाटतो, रोज एकदाच.