आमची वाटचाल : किहीमहून वर

अलिबाग तालुक्यात पर्यटनाचा धंदा म्हणजे समुद्राचा धंदा, असंच सगळे धरून चालतात. खोलीचं भाडं ठरतं ते बीच किती पावलांवर आहे यावरून. बाकी घोडागाडी, बनाना राईड आणि मासळीची थाळी. आम्ही किहीममध्ये राहून लोकांना डोंगर चढवायचा व्यवसाय काढला, तेव्हा शेजारच्या काकांनी सरळ विचारलं, "घाम गाळायला कोण पैसे देणार रे?" प्रश्न रास्त होता. काही पावसाळे आम्हीही तोच विचारत होतो.

घर वडिलांनी बांधलेलं, मागे नारळ-सुपारीची वाडी. थळच्या खत कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी वाडीच्या कडेला दोन खोल्या काढल्या आणि "घरगुती राहण्याजेवणाची सोय" अशी पाटी चोंढी नाक्यावर लावली. मे महिन्यात आणि नाताळात खोल्या भरायच्या, एरवी कुलूप. एरवीच्या दिवसांत येणारे मोजके लोक म्हणजे पक्षीवाले. पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला तो किहीममध्ये, आणि पुढे तो प्रसिद्ध झाला. त्यामुळे गळ्यात दुर्बीण अडकवून फिरणाऱ्यांना आमच्या गावाचं नाव आधीपासून ठाऊक असतं. या मंडळींना समुद्राचं फारसं कौतुक नव्हतं. पहाटे पाचला चहा हवा, आणि चहासोबत प्रश्न, "मागे दिसतो तो डोंगर कुठला?"

तो कनकेश्वर. लहानपणापासून त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला आम्ही वर जात आलेलो. म्हणून मी सोबत जायला लागलो, अर्थात फुकट. पुण्याच्या एका मावशींनी निघताना बिलाखेरीज वेगळं पाकीट हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "हे वाट दाखवल्याचे. फुकट नेत जाऊ नकोस, लवकर कंटाळशील." आमचा पहिला दर त्यांनी ठरवला. बायकोने त्याच रात्री वहीत वेगळं पान काढलं.

आता डोंगरांबद्दल. कनकेश्वर आणि सागरगड दोन्ही चारशे मीटरच्या आसपास. सह्याद्रीत फिरलेले लोक हा आकडा ऐकून हसतात आणि एकच पाण्याची बाटली घेऊन येतात. लोहगड हजार मीटरच्या वर आहे खरा, पण लोणावळाच सहाशेच्या वर वसलेलं आहे, आणि गडाच्या वाडीपर्यंत गाडी जाते. आमच्याकडे शून्यापासून सुरुवात, म्हणजे सगळी उंची स्वतःच्या पायांनी मिळवायची. त्यात किनाऱ्याची दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळणारा घाम अंग थंड करत नाही. ऑक्टोबरात अकरा वाजता सागरगडच्या उघड्या सोंडेवर तगडी पोरं मटकन खाली बसलेली पाहिली आहेत. म्हणून आमची निघायची वेळ सकाळी साडेसहा, आणि त्यावर वाद घालत नाही. "ब्रेकफास्ट करून निघू ना," म्हणणाऱ्यांना आम्ही आनंदाने बीचवर पाठवतो.

कनकेश्वराची वाट मापगावातून चढते. आंग्र्यांच्या काळातली दगडी पाखाडी, सातशेच्या आसपास पायऱ्या, वर गर्द झाडी. टप्प्यांना नावं आहेत : नागोबाचा टप्पा, देवाची पायरी, गायमांडी. ही नावं सांगितली की दमलेला माणूस चढतो, हा आमचा अनुभव. "अजून किती?" या प्रश्नाला "दोनशे पायऱ्या" हे उत्तर जड जातं, "गायमांडी आली की सपाटी" हे हलकं वाटतं. वर शंकराचं देऊळ आणि पुष्करणी. जूनच्या सुरुवातीला याच झाडीत नवरंग पक्षी ओरडायला लागतो, आणि पाऊस रुळला की ओढ्याकडून शिळकरी कस्तुराची शीळ येते. पक्षीवाल्यांचे पाय मग पुढे सरकत नाहीत, आणि मलाही घाई नसते.

सागरगडाचा बाज वेगळा. खंडाळे गावातून निघायचं, समोर धोंडाण्याचा धबधबा, मध्ये सिद्धेश्वर, मग माचीवरची आदिवासी वाडी आणि शेवटी गड. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी जे तेवीस किल्ले मोगलांना दिले, त्यांत हाही होता. एवढ्याशा गडाचं कुणाला काय पडलं होतं, हे वर गेल्यावर कळतं. स्वच्छ हवेत कुलाबा किल्ला, खांदेरी, उंदेरी सगळं समोर मांडलेलं. खांदेरी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतली, इंग्रज गलबतं घेऊन आडवे आले, आणि लगोलग जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी धरली. ही झटापट पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही. इथून दोन बेटांमधलं अंतर डोळ्यांनी मोजलं की एका मिनिटात समजते. २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर माणसं नाव घेऊनच विचारतात.

माचीशिवाय आमचा सागरगड उभाच राहिला नसता. पावसाळ्यात तिथे ढोरवाटा इतक्या फुटतात, आणि धुकं उतरलं की इतक्या सारख्या दिसतात, की वाडीतलं माणूस सोबत हवंच. जेवणही तिथेच : तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट, आणि पावसाच्या तोंडाला गेलात तर काकडं म्हणजे आंबट रानफळं घालून केलेली शेवळांची रानभाजी. बोलणी करायला गेलो तेव्हा तिथल्या एका काकांनी एकच अट घातली. "तुमची माणसं आली नाहीत तरी आमच्या भाकऱ्या थापलेल्या असतात. त्याचं काय?" तेव्हापासून आगाऊ रकमेतला माचीचा वाटा आधी वेगळा काढतो, आणि तुकडी रद्द झाली तरी तो परत मागत नाही. पाहुण्यांपैकी काही जण यावर कुरकुरतात. त्यांना काकांचाच प्रश्न ऐकवतो.

या धंद्याची खरी अडचण डोंगरावर नाही, पाण्यावर होती. गेटवे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंद. म्हणजे धबधबे सुरू व्हायचे आणि मुंबईचं गिऱ्हाईक तुटायचं, एकाच आठवड्यात. पनवेल-पेण-वडखळ करत येणारा माणूस वडखळ नाक्यावरच अर्धा दमलेला असे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, पावसाळ्यातही चालणारी आणि गाडीसकट आणणारी. आम्ही हिशेब मांडून बसलो, पोरांना रेनकोट घेतले, आणि काही दिवसांत टाळेबंदी लागली. त्यानंतर ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर धडकलं. वाडीतल्या निम्म्याहून जास्त सुपाऱ्या मुळासकट आडव्या, एका खोलीचे पत्रे शेजाऱ्याच्या विहिरीपाशी. सुपारीचं झाड लावल्यापासून हाताशी यायला सात-आठ वर्षं लागतात, त्यामुळे ती नुकसानी अजून चालू आहे असं समजा. कनकेश्वराच्या वाटेवरही झाडं आडवी पडली होती. गावची पोरं, देवस्थानची मंडळी आणि आम्ही कोयते-करवती घेऊन ती मोकळी करत वर गेलो. त्या काळात कमाई शून्य होती, पण पाखाडीची बारीकसारीक माहिती जी आज आम्हाला आहे ती तेव्हाची.

टाळेबंदी उठल्यावर उलटा पूर आला. घरात कोंडलेल्या मुंबईला चालायचं होतं. २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, नोंदणी, प्रशिक्षित माणूस, प्रथमोपचार, विमा हे सगळं कागदावर आलं. कागदपत्रांचा कंटाळा मलाही येतो, पण बायकोने पाठीस लागून सगळं करवून घेतलं, आणि आज सांगतो की ते हवंच होतं. वाट दाखवणाऱ्या एका माणसामागे जास्तीत जास्त सहा पाहुणे, एका तुकडीत बारा. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. दगड उचलायचा नाही, भिंतीच्या फटीत हात घालायचा नाही. कोकणात फुरसं हा विषारी साप आहे आणि विंचूही. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपाय सिद्ध करणारे डॉ. हिंमतराव बावसकर आमच्याच जिल्ह्यातल्या महाडचे, हे सांगितलं की लोकांना अभिमान वाटतो, आणि मग ते दगडाला हात लावत नाहीत. दंश झालाच तर मंत्र-तंत्र नाही, ओढून बांधणं नाही, पाय हलवू न देता थेट अलिबागचं जिल्हा रुग्णालय.

काही कामं आम्ही घेत नाही. धबधब्याच्या कातळावर उतरून फोटो काढायचे असतील तर दुसरीकडे विचारा. त्या शेवाळावर खेकडासुद्धा जपून चालतो. पावसाळ्यात रात्रीची चढाई नाही. कंपन्यांचे पन्नास-पन्नासचे गट नाहीत, कितीही पैसे दिले तरी नाहीत, कारण एवढी माणसं उतरताना वाट उरत नाही, चिखलाची घसरगुंडी उरते आणि तिच्यावरून दुसऱ्या दिवशी माचीवरच्या बायकांना डोक्यावर ओझं घेऊन उतरायचं असतं. त्रिपुरी पौर्णिमेला कनकेश्वर आणि दत्तजयंतीला चौलचा डोंगर, हे दिवस देवाचे आणि गावकऱ्यांचे. त्या दिवशी आम्ही पाहुणे नेत नाही, घरचे म्हणून स्वतः जातो.

शेजारच्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. पैसे देणारे दोन प्रकारचे. एक, ज्यांना शनिवार-रविवारी सागरगड करायचा असतो. दुसरे साठीच्या पुढचे, मधल्या वारी येणारे, सावकाश चालणारे. आमचं घर चालतं ते दुसऱ्यांवर, हे आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. त्यांना शिखराची घाई नसते, पायरीवर बसून डबा उघडतात, आणि पुढच्या वर्षी वेगळ्या ऋतूत पुन्हा येतात. पहिली मंडळी एकदा येतात, फोटो काढतात, पुढचा गड शोधतात. त्यातही काही वाईट नाही.

माचीवरची दोन मुलं आता प्रथमोपचार शिकून तयार झाली आहेत. पुढच्या हिवाळ्यापासून सागरगडाची नोंदणी थेट तीच घेतील, दरही तीच ठरवतील. आमच्याकडे फोन आला तर आम्ही त्यांचा नंबर देऊ. धंदा हातचा घालवतोय असं काही जण म्हणतात. पण त्यांच्या अंगणातून जाणाऱ्या वाटेवर दलाली किती वर्षं घ्यायची? आमच्याकडे राहील कनकेश्वर, चौलची दत्ताची आणि हिंगळजाची टेकडी, आणि संध्याकाळी वाडीत लावायची पोपटी : मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, हवी तर कोंबडी, मडकं उपडं आणि वर जाळ. मात्र वालाला शेंगा धरायला थंडी पडावी लागते. पोपटी हवी असेल तर नाताळाच्या आधीची तारीख मागू नका.